नानांच्या गाडीचं ऑइल वाढतं आहे, त्याबाबत

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच समजावं. उजवा गुडघा थंडीपासून वाकायला तयार नाही, त्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच, पण मनापासून.) तुमची तब्येत, वहिनींचं पित्त आणि मुलांचे अभ्यास हे तिन्ही ताळ्यावर असावेत, असं मी रोज सकाळी देवाला सांगतो. इकडे तुमची बहीण बरी आहे, म्हणजे माझ्यावर रागावण्याइतकी बरी आहे. आईसुद्धा बऱ्या आहेत. जेवण थोडं, बोलणं थोडं, पण चेहरा प्रसन्न. नाना गेल्यावर त्या घरातल्या घरात वाट चुकल्यासारख्या फिरायच्या, स्वयंपाकघरात जाऊन आपण इथे कशाला आलो असं विचारायच्या, ते मध्यंतरी थांबलं होतं. ते कशाने थांबलं हे सांगायलाच हे पत्र आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘मुद्द्यावर या’ म्हणता, आणि ह्या प्रकरणाला मुद्दा आहे की नाही हेच मला अजून कळलेलं नाही.

तुमचा निरोप पोचला. नानांच्या माघारी गाडी कागदोपत्री तुमच्या नावावर झाली, तुम्ही गिऱ्हाईक पाहिलं, तो महिनाअखेरीला येऊन गाडी नेणार आणि तिचे भाग सुटे करून विकणार. तुमचं म्हणणं रास्त आहे. इतकी चाललेली डिझेल व्हॅन आज ना उद्या रस्त्यात बसणारच, मग हातीपायी धड आहे तोवर काढलेली बरी. ज्या लाँड्रीच्या चादरी मी ह्या गाडीतून वाहतो, तिच्या मालकांना मी हे कळवलं. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, गाडी असेल तर काम तुमचं, नसेल तर दुसरा गाडीवाला दारात उभाच आहे. माझी पन्नाशी आली, शिक्षण गावच्या शाळेत जेवढं होतं तेवढं, हातात कला म्हणाल तर चादरींची गाठोडी न सुटता बांधणं ही एक. तेव्हा गाडी गेल्यावर पुढे काय, असं तुमच्या बहिणीने मला विचारलं आणि मी देवाला विचारलं. उत्तर अजून दोघांनाही मिळालेलं नाही. पण ह्या पत्राचा आणि माझ्या पोटापाण्याचा काहीएक संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. निर्णय तुमचा. मी फक्त घडलं ते लिहितो.

आमच्या गुरुजींनी चंद्राचं अंतर आमच्याकडून घोकून घेतलं होतं. (ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.) गाडीच्या मीटरवरचा आकडा ते अंतर ओलांडून पुढे गेला आहे. म्हणजे हिशोबाने ही गाडी चंद्रावर पोचली, तिथे वळली आणि आता परतीच्या वाटेला लागली आहे. एवढं अंतर तिने गावातल्या गावात कापलं, दवाखान्यांच्या मागच्या दारांपासून लाँड्रीच्या मागच्या दारापर्यंत, पोटात मळक्या चादरी नाहीतर धुतलेल्या चादरी घेऊन. आरशात मागे पाहावं तर नेहमी पांढरी गाठोडी रांगेत बसलेली. सुरुवातीला मला त्यांचं जरा दडपण यायचं. नाना म्हणायचे, त्यांच्याकडे पाठ करून बसायचं आणि पाठ आहे हे विसरायचं. मी अजून विसरलेलो नाही.

गाडी इतकी टिकली ती नानांच्या शिस्तीने. गाडी हातात देताना त्यांनी मला शिकवलं, ते मी स्तोत्रासारखं पाठ केलं. चावी अर्धी फिरवली की पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं, तोवर देवाचं नाव घ्यायचं. सुरू झाल्या झाल्या दामटायची नाही. मुक्कामाला पोचल्यावर लगेच तिची मान मुरगळायची नाही, घटकाभर उभ्या जागी चालू ठेवून श्वास घेऊ द्यायचा, मग बंद. डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तळाशी साठलेलं पाणी वेळच्या वेळी सोडायचं. टाकी तळाला जाऊ द्यायची नाही, कारण तळाशी गाळ असतो, आणि गाळ ढवळू नये हे गाडीइतकंच घरालाही लागू आहे. (हे वाक्य त्यांचं. ते कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.) ऑइल मुदतीआधीच बदलायचं, आणि रोज सकाळी पट्टी काढून ते किती आहे ते बघायचं. हे सगळं मी केलं. एकही दिवस चुकवला नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझी हयगय नाही, हे तुमच्या बहिणीलाही मान्य आहे, आणि तिला माझ्याबद्दल फारसं काही मान्य नसतं.

तर एके सकाळी पट्टी काढली आणि ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं. मला बरं वाटलं. जुनं इंजिन ऑइल खातं, सगळे गाडीवाले त्या नावाने रडतात, आणि आपलं जिथल्या तिथे. पुढच्या खेपेला पाहिलं तर खुणेच्या वर. मी थेंबभर घातलेलं नाही. त्यानंतर आणखी वर. दादा, मी देवभोळा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, लग्नात तुम्ही त्यावरून माझी चेष्टाही केली होती. मी पट्टी पुसली, बॉनेटवर हात ठेवून नमस्कार केला आणि कुणाला बोललो नाही. कृपा बोलून दाखवली की आटते, असं आमच्या आजीचं म्हणणं. मनात आलं, नाना आहेत. गाडीत जीव होता त्यांचा, तेच भरत असतील. ह्या विचाराने मला भीती वाटायला हवी होती, पण त्या वेळी फक्त आभार मानावेसे वाटले. भीती क्षणभराने वाटली, आणि नमस्काराला ठेवलेला हात मी झटकन मागे घेतला. बॉनेट कोमट होतं. तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखं. गाडी आदल्या संध्याकाळपासून जागची हललेली नव्हती.

मग मी बारकाईने पाहू लागलो. पाहू नये ते दिसतं ते असं. पहाटे गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या असायच्या, माणसं बसून बोलत राहिली की होतात तशा. दोन्ही बाजूंच्या काचा, चालकाकडचीसुद्धा. मीटर मात्र तसूभर पुढे गेलेलं नसायचं. चावी माझ्या सदऱ्याच्या खिशात आणि सदरा माझ्या अंगात. तुमच्या बहिणीला सांगितलं तर म्हणाली, तुम्हाला झोप कमी पडते, त्या गाठोड्यांकडे बघत बसू नका. मी गाठोडी बाहेर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशीही काचा तशाच. म्हणजे गाठोड्यांवर विनाकारण आळ आला, त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

शेवटी गॅरेजवाल्याकडे गेलो. नाना त्याला वैद्यबुवा म्हणायचे, कारण तो पेशंटला हात लावायच्या आधीच तोंड पाडतो. वाईट बातमी देताना त्याच्या चेहऱ्यावर जसं समाधान पसरतं तसं मी कुणाच्या चेहऱ्यावर आरती झाल्यावरही पाहिलेलं नाही. त्याला मी जरा अभिमानानेच सांगितलं की आमच्या गाडीचं ऑइल कमी होत नाही, वाढतं. त्याने पट्टी काढली, नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली.

“घरात पाणी वाढायला लागलं तर नमस्कार करता का?” तो म्हणाला. “हे ऑइल नाही वाढलं. डिझेल उतरलंय त्यात.”

मग त्याने जे समजावलं ते मला कळलं तसं लिहितो. धुराच्या नळकांड्यात काजळी धरून ठेवणारी एक जाळी असते. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळून टाकायला बघतं, पण त्याला इंजिन चांगलं तापलेलं लागतं. आपण तेवढ्यात बंद केलं की न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये झिरपतं. ऑइल पातळ होतं, आतले भाग घासले जातात, आणि आपल्याला वाटतं बरकत आली. असंच चालू राहिलं, तर (इथे त्याचा चेहरा अगदी उजळला) एक दिवस इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटेल, आणि मग चावी काढली तरी थांबणार नाही. मी विचारलं, चावी काढली तरी? तो म्हणाला, चावी काढली तरी. ह्या शब्दांनी माझ्या पाठीवर काटा आला, कारण चावीचा विषय मी त्याच्याकडे काढलेलाच नव्हता.

त्याने ऑइल आणि फिल्टर बदलून दिले आणि पथ्य सांगितलं. आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्याला काढायची, लांब, एका वेगाने, मध्ये न थांबता, म्हणजे काजळी जळून जाईल आणि गाडी अजून बरीच वर्षं ओढेल. निघताना त्याने विचारलं की पहाटे थंड असताना कुणी गाडी नुसती उभी सुरू ठेवतं का. मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, कुणीतरी ठेवतं, गावातल्या फेऱ्यांनी एवढं होत नाही. आणि जाता जाता गाडीत चावी फिरवायचं कुलूप हलवून दाखवलं. ते इतकं झिजलं आहे की म्हणे त्याला चावीच लागत नाही, चमच्यानेसुद्धा सुरू होईल. (घरी आल्याबरोबर मी चमचे पाहिले. सगळे जागेवर होते. तुमच्या बहिणीने विचारलं काय शोधताय, मी म्हटलं चमचा, तिने हातात दिला, आणि मला विनाकारण दही खावं लागलं.)

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मी नेहमीसारखा पूजेला बसलो होतो. डोळे मिटलेले. आणि अंगणातून इंजिनाचा आवाज आला. दामटलेला नाही. नानांनी सुरू करावी तसा, आधी जरा थांबून, मग एकाच झटक्यात, मग हलके हलके. मी उठलो. खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा चाचपला, चावी होती, ती घेतली. बाहेर आलो. गाडी उभ्या जागी चालू होती आणि पुढच्या डाव्या सीटवर आई बसल्या होत्या. अंगावर शाल, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर, परगावी निघालेल्या बायका बसतात तशा. शेजारी कुणी नव्हतं. आई त्या बाजूला मान वळवून ऐकत होत्या, मधूनच हं म्हणत होत्या.

मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. दचकायचं काम मी एकट्याने केलं.

“आई, गाडी कुणी सुरू केली?”

“मला येते का सुरू करायला?” त्या म्हणाल्या. “मी नुसती येऊन बसते. मग होते ती. दार लावा, गार वारा येतो.”

मी पलीकडून फिरून चालकाच्या दाराला हात घातला, तेव्हा त्या अगदी हळू, पाहुण्यांसमोर जावयाला सांगावं तसं म्हणाल्या, “तिकडे नका बसू आत्ता.”

मी बसलो नाही. दादा, तुम्ही असता तर तुम्हीही बसला नसता. मी ओलेत्याने, हातात चावी घेऊन, बाहेर उभा राहिलो. जरा वेळाने इंजिनाचा आवाज खाली आला, घटकाभर श्वास घेतला आणि गाडी बंद झाली. आई उतरल्या, मला म्हणाल्या की असं उघडं उभं राहू नये, सर्दी होते, आणि चहा टाकायला आत गेल्या.

तुमच्या बहिणीचं मत वेगळं आहे. तिचं म्हणणं, जी बाई जन्मभर नानांशेजारी बसली तिला गाडी सुरू करता येत नसेल असं तुम्ही गृहीतच कसं धरलं, आई सगळं जाणते आणि काही सांगत नाही. असेलही. मी आईंना खोदून विचारलं नाही. काचा चालकाच्या बाजूनेही का धुरकटतात हे तुमच्या बहिणीला विचारलं, तर ती म्हणाली भाजी आणा.

पण एक गोष्ट सांगणं भाग होतं. दुपारी आई भाजी निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी काजळी, जाळी आणि डिझेल सगळं समजावलं. म्हटलं, तुम्ही पहाटे असं बसता त्याने गाडी आतून मरते आहे. नुसती उभी सुरू ठेवली तर ती महिनाअखेरपर्यंतही टिकायची नाही. त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर सुट्टीच्या दिवशी जायचे. आणि मला एवढ्या वर्षांनी कळलं की नाना सुट्टीच्या दिवशी कुठे जायचे. आम्ही समजत होतो पत्त्यांच्या अड्ड्यावर. तुमच्या बहिणीने तर त्यावरून त्यांना दोनदा ऐकवलंही होतं.

ते तुमच्याकडे यायचे, दादा. तुमच्या घरी नाही. हमरस्त्याने तुमच्या कॉलनीच्या वळणापर्यंत. गाडीचा घसा साफ करायला लांब जायचंच असतं, मग ह्याच रस्त्याने का नको, असं म्हणायचे. आई बरोबर असायच्या. वळणावर गाडी कडेला लावायची, श्वास घेऊ द्यायचा, थर्मासमधला चहा घ्यायचा, आणि परत. मी विचारलं, घरी का नाही गेलात. आई निवडता निवडता म्हणाल्या, नव्या घराच्या वेळी तो म्हणाला होता ना, ही खटारा गाडी माझ्या दारात उभी करू नका, लोक बघतात. ते तुम्ही सहज बोलला असाल. आपण सगळेच सहज बोलतो. नानांनी शिस्त म्हणून पाळलं, पिवळ्या दिव्यासारखं.

गेल्या सुट्टीला मी आईंना घेऊन त्या रस्त्याला गेलो. (मी चालवली. चालकाच्या जागी बसताना आधी परवानगी मागितली, कुणाची ते विचारू नका.) सुरुवातीला गाडी खोकली, मागे काळा लोट निघाला, सायकलवाल्यांनी आमचा उद्धार केला. पण मग वेग धरला आणि हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला, नाक चोंदलेला माणूस एकदम स्वच्छ बोलायला लागावा तसा. धूर गेला. आई खिडकीबाहेर बघत होत्या. तुमच्या कॉलनीचं वळण आलं. मी वेग कमी केला, कारण तिथूनच मागे फिरायचं असं ठरलं होतं. तेवढ्यात टिकटिक ऐकू आली. इंडिकेटर लागला होता, तुमच्या गल्लीच्या बाजूचा. दादा, माझे दोन्ही हात चाकावर होते. मी हातांकडे पाहिलं आणि खात्री केली.

आई माझ्या बाजूला वळल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या जरा वर पाहिलं.

“आज नाही,” त्या म्हणाल्या. “आधी विचारायला पाहिजे त्याला.”

टिकटिक थांबली. आम्ही परत फिरलो. त्या दिवसापासून पट्टीवरचं ऑइल जिथल्या तिथे आहे, पहाटे आवाज येत नाही, बॉनेट थंड असतं. आई मात्र कालपासून पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन आपण इथे कशाला आलो असं विचारतात.

घडलं ते हे असं आहे. त्यात माझी काही मागणी नाही. गाडी तुमची, गिऱ्हाईक तुमचं, निर्णय तुमचा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. देव तुम्हाला सुबुद्धी देवो असं लिहिणार होतो, पण ती तुम्हाला आहेच, तेव्हा ती वापरायला सवड देवो.

आपला नम्र,
बहिणीचा नवरा

ता. क. वर मागणी नाही असं लिहिलं, ते खरं नाही. कृपा करून गाडी विकू नका. तुमच्या घरापर्यंतचं अंतर वैद्यबुवाला सांगितलं, तर तो म्हणाला इंजिनाला अगदी एवढंच लागतं, कमी नको, जास्त नको. तेव्हा दर सुट्टीला आईंना घेऊन यायची परवानगी द्यावी. गाडी तुमच्या दारात उभी राहील. धुवून आणू. पण मागे गल्लीत किंवा कोपऱ्यावर लावायला सांगू नका. दारात.

ता. क. २. नानांची दुसरी चावी तुम्ही आठवण म्हणून नेली होती. ती ठेवली तिथेच आहे का ते बघा. असली तरी मला कळवू नका. नसली तर अजिबातच कळवू नका.

ता. क. ३. पत्र बंद करत होतो तेवढ्यात आई डोकावून गेल्या. परवा सुट्टी आहे, उत्तराची वाट बघत बसायची नाही, निघायचं, असं ठरलं आहे म्हणाल्या. कुणाशी ठरलं ते बोलल्या नाहीत. त्या आणि तुमची बहीण पुढे, डाव्या सीटवर दाटीने बसणार आहेत. मला मागे, गाठोड्यांमध्ये बसायला सांगितलं आहे. तेव्हा फाटक उघडं ठेवा, आणि गाडी दारात थांबली की चालकाच्या बाजूला तुम्ही स्वतः या.